एकट्याच्या सातबाऱ्यावर समुद्र अडत नाही

अरबी समुद्रापासून सुमारे सातशे किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात बसून कोकणच्या खारजमिनीविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास त्याला दोन उत्तरे देता येतील. पहिले असे की, १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून राज्याच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी याच शहरात भरते, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धानउत्पादकाइतकाच अलिबाग-पेणच्या खारेपाटातील भातउत्पादकही त्या सभागृहाकडे न्यायाच्या अपेक्षेने पाहत असतो. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणारी शेती कशी उभी करावी, यासाठी महाराष्ट्र शासनाने जो सर्वांत मोठा प्रयोग हाती घेतला, तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झाला तो विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशाच्या मातीत. पहिल्या टप्प्यात त्याने ५,१४२ गावे घेतली, त्यांत आमच्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील ९३२ गावे होती. दुसऱ्या टप्प्यात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हेही समाविष्ट झाले. आणि या दोन्ही टप्प्यांच्या यादीत कोकणातील एकाही जिल्ह्याचे नाव नाही. आमच्या कोरडवाहू मुलखात घडलेले सूत्र उद्या किनाऱ्यावर नेले जाईल, तेव्हा त्यातले काय टिकेल आणि काय मोडेल हे वेळेवर सांगण्याची जबाबदारी, ज्यांनी ते सूत्र आधी अनुभवले त्यांच्याकडेच येते.

त्या प्रकल्पाचा कणा वैयक्तिक लाभाचा आहे. शेतकऱ्याने सातबाऱ्याचा उतारा जोडून अर्ज करावा, पूर्वसंमती मिळवावी, ठिबक संच, शेततळे, शेडनेट किंवा फळबाग यांपैकी जे मंजूर होईल ते आधी स्वतःच्या खर्चाने उभे करावे, आणि तपासणी झाल्यावर अनुदान त्याच्या बँकखात्यात जमा व्हावे, अशी ती रीत आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद आणि ग्रामसमिती यांनाही त्यात स्थान आहे हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु पैसा ज्या वाटेने वाहतो ती वाट एकेका खातेदाराच्या नावाने आखलेली आहे. कोरडवाहू मुलखात या रचनेला अर्थ आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असले, तरी आकाशातून पडणारे गोडे पाणी ज्याच्या रानात पडते त्याला ते आपल्याच रानात साठविता येते, आणि शेजाऱ्याने तळे खोदले नाही म्हणून याचे तळे रिकामे होत नाही. किनाऱ्यावर हा सगळा हिशेब उलटा होतो.

पेण, अलिबाग, उरण, पनवेल या तालुक्यांच्या खाडीकाठावर, आणि खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या आतल्या वळणांवर, जी भातखाचरे पसरलेली आहेत त्यांतील पुष्कळशी मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहेत. त्यांचे शेतपण टिकून आहे ते केवळ खाडी आणि खाचर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या चिकणमातीच्या बांधामुळे. या बांधात ठिकठिकाणी उघाडी बसविलेली असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडते, आणि शेतातले जादा पाणी खाडीत निघून जाते. यंत्र, वीज वा इंधन यांपैकी कशाचीही गरज नसलेली ही व्यवस्था चंद्राच्या कलांवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाची परीक्षा होते आणि भांगाच्या दिवसांत दुरुस्तीला उसंत मिळते. उन्हाळ्यात जमिनीतला ओलावा वर ओढला जाऊन उडून जातो आणि मागे मिठाचा पांढुरका थर उरतो. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की तो थर धुऊन उघाडीतून बाहेर जातो. जमीन पुरेशी गोडी झाली असा अंदाज अनुभवी शेतकरी बांधतो, आणि मगच मोड आलेल्या बियाण्याचा रहू फेकतो किंवा लावणीला हात घालतो. त्याची सगळी विद्या या एका अंदाजात साठविलेली आहे.

आता या व्यवस्थेत एका माणसाने काय करावे? त्याने क्षारसहिष्णू बियाणे आणले, माती तपासून घेतली, हवामानाचा संदेश भ्रमणध्वनीवर वाचला, आणि त्याच्या खाचरापासून अर्धा कोस दूर, दुसऱ्याच गावाच्या शिवेत, खेकड्यांनी बिळे पाडून पोखरलेला बांध श्रावणाच्या उधाणात खांड पडून वाहून गेला, तर त्याचे बियाणे, त्याची तपासणी आणि त्याचा भ्रमणध्वनी ही तिन्ही एकाच रात्रीत निरर्थक ठरतात. खारे पाणी एकदा शेतात फिरले की त्या सालचे पीक जातेच, आणि जमिनीला पुन्हा गोडी येण्यास पुढचे काही पावसाळे द्यावे लागतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: किनाऱ्यावरील हवामान-अनुकूल शेतीचे एकक खातेदार नसून बांध आहे, आणि जोवर शासनाची योजना बांधाला, म्हणजे बांधामागे एकत्र नांदणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांच्या समुदायाला, आपला लाभार्थी मानीत नाही, तोवर बाकीच्या सर्व तरतुदी वाळूत मुरणार आहेत.

हे म्हणणे नवे नाही. या जमिनीचा इतिहासच ते सांगतो. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची एक वहिवाट होती. ज्याने भांडवल घालून खाडीकडचा बाहेरचा बांध बांधला आणि जमीन समुद्राकडून मिळविली तो शिलोत्रीदार; त्या बाहेरच्या बांधाची डागडुजी त्याने करावयाची, आतले बांध कुळांनी सांभाळावयाचे, आणि डागडुजीच्या खर्चापोटी बिघ्यामागे एक मण भात, ज्याला शिलोत्री मण म्हणत, कुळांनी द्यावयाचे. व्यवस्था विषम होती यात संशय नाही; परंतु बांधाची जबाबदारी कोणाची, तिचा खर्च कोठून यावयाचा आणि तो कोणत्या मापाने यावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या काळी गावातल्या पोरालाही ठाऊक होती. पुढे खोतीच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थ जमीनदारीच्या, अंमलाखाली कुळांच्या वाट्याला आलेले शोषण असह्य झाले, आणि १९३३ च्या ऑक्टोबर महिन्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे सोडून दिले. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते ओसाड राहिली, माणसे जंगलातली लाकडे विकून आणि खाडीतली मासळी धरून जगली, पण फुटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या चळवळीच्या मागे आपले बळ उभे केले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने कसणाऱ्याला मालकी दिली, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक थोर अन्याय दूर झाला. त्या यशाविषयी कोणाही न्यायप्रिय माणसाच्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना असू नये.

परंतु खोताबरोबर बांधाचा धनीही गेला. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने मंडळ आले, नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने ही कामे शासनाच्या अंगावर आली, आणि आज जलसंपदा विभागाच्या अखत्यारीतील खारभूमीची कार्यालये ती पाहतात. शासनाने जबाबदारी घेतली, ही गोष्ट तत्त्वतः योग्यच होती. गरीब कुळांनी नव्याने मालक होताच बाहेरच्या बांधाचा प्रचंड खर्च कोठून आणला असता? तरीही व्यवहारात झाले असे की, ज्या गावाने पूर्वी उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फेरी मारावी, खेकड्याचे बीळ दिसताच दोन टोपल्या मातीने ते बुजवावे, त्या गावाने आता अर्ज लिहावा, तलाठ्याने पंचनामा करावा, अंदाजपत्रक तयार व्हावे, ते तांत्रिक मंजुरीस जावे, आणि निधी उपलब्ध होईपर्यंत त्या बिळाचे भगदाड आणि भगदाडाची खांड व्हावी. दोन टोपल्या मातीचे काम लाखोंच्या निविदेचे काम बनते ते अशा रीतीने, आणि त्यात कोणा एका अधिकाऱ्याची दुष्ट बुद्धी शोधण्याचे कारण नाही. लहान, वारंवारच्या, चिखलात उतरून करावयाच्या कामाला मोठ्या कचेरीच्या दप्तरात जागाच नसते.

पूर्व विदर्भाच्या वाचकाला ही कथा ऐकल्यासारखी वाटेल, कारण ती त्याच्याही घरची आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या कसबी हातांनी आणि गोंड राजवटीच्या उत्तेजनाने उभे राहिलेले जे हजारो तलाव आहेत, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांची व्यवस्था गावाच्या श्रमावर आणि मालगुजाराच्या देखरेखीवर चालत असे. गावातल्या वहिवाटीची जी नोंद वाजिब-उल-अर्जात होई, तिच्यात तलावाच्या पाण्याचे हक्कही लिहिलेले असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तीही जावयास हवीच होती. पण तलाव शासनाच्या मालकीचे झाल्यावर गाळ कोणी काढावयाचा, पाळ कोणी बांधावयाची आणि पाट कोणी मोकळा ठेवावयाचा हे ठरविण्यास आपण विसरलो, आणि पुढची कित्येक दशके ते तलाव गाळाने भरत गेले. जमीनदारी नष्ट करताना सामायिक कामाची संस्था मात्र नष्ट होऊ न देणे, हे स्वातंत्र्योत्तर काळातील भूसुधारणांना जमले नाही. गोव्यात गावकरीच्या, म्हणजे ग्रामसंस्थेच्या, हाती असलेली खाजणे (खारजमिनी), त्यांचे बांध आणि मानशी (उघाड्या) यांच्या वाट्यालाही तेथील कूळकायद्यानंतर पुष्कळ अंशी हेच आले. तीन मुलूख, तीन निरनिराळ्या राजवटी, आणि एकच चूक.

ही चूक शांत हवामानात कदाचित आणखी पन्नास वर्षे खपली असती. आता खपणार नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांतील वाढ तर त्याहून पुष्कळ मोठी आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील समुद्राची सरासरी पातळी २००६ ते २०१५ या दशकात दरसाल ३.६ मिलिमीटर या वेगाने चढत होती. हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. परंतु ज्या उघाडीचे सारे कार्य आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातील थोड्याशा फरकावर चालते, तिच्या दृष्टीने बाहेरची पातळी चढणे म्हणजे झडप उघडी राहण्याचा अवधी कमी होणे, आणि शेतातले पाणी तितकेच अधिक काळ तुंबून राहणे होय. त्यातच पाऊस आपली जुनी चाल सोडून थोड्या दिवसांत कोसळू लागला, मध्ये दीर्घ ओढ देऊ लागला. ओढ लागली की धुऊन गेलेले मीठ पुन्हा वर चढते आणि कोवळा तरवा करपतो. अतिवृष्टी आणि उधाण यांची गाठ पडली की उघाडी मिटलेली राहते आणि रोप कुजते. आणि या दोन्हींतून वाचलेले पीक परतीच्या पावसात शेतातच आडवे होऊन दाण्याला मोड फुटतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाने सुपारीच्या वाड्या जमीनदोस्त केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा शेवटच्या बहराचा हापूस झाडावर होता. भाताचे शेत एका वर्षाने पुन्हा उभे राहते, पण सुपारीचे झाड लावून ते फळाला येईपर्यंत बापाचे वय उतरणीस लागते.

किनाऱ्यावरचा शेतकरी नवे काही स्वीकारीत नाही, तो मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणारा आळशी माणूस आहे, असा एक आक्षेप देशावर आणि वऱ्हाडातही आपण सहजपणे उच्चारीत असतो. हा आक्षेप अन्यायाचा आहे. ज्या गोष्टीला आज मोठ्या समारंभाने हवामान-अनुकूल म्हटले जाते, त्यातील कित्येक गोष्टी या शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या जपलेल्या आहेत. खारजमिनीत तग धरणारा तांबड्या तांदळाचा राता त्यानेच राखला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्या स्थानिक बियाण्यांतून निवड करूनच काळा राता आणि भुरा राता हे वाण दिले, आणि पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली त्याच केंद्राने पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ हे क्षारसहिष्णू वाण शेतकऱ्यांच्या हाती ठेवले. गोव्याच्या खाजणातील कोरगुट या देशी भातापासून तेथील केंद्रीय संशोधन संस्थेने गोवा धान या नावाचे वाण विकसित केले, त्याचीही कथा अशीच आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात पावसाचे पाणी साठवून त्यात जिताडा वाढविण्याची जी चाल आहे, तिच्यात भाताच्या जोडीने मासळीचे उत्पन्न घेण्याची तीच दूरदृष्टी आहे जी केरळच्या पोक्कळी शेतीत दिसते. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल घेणे आणि अलिबागच्या गोड्या जमिनीत पांढरा कांदा लावणे, ही पाण्याच्या काटकसरीची शेती नव्हे तर काय?

नवे स्वीकारण्याचे उदाहरणही दूर शोधावे लागत नाही. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र सिद्ध केले. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी या तिन्ही कष्टांना फाटा देऊन गादीवाफ्यावर साच्याच्या साहाय्याने भात टोकले जाते, कापणीनंतर बुडखे आणि मुळे जमिनीतच कुजू दिली जातात, आणि त्याच वाफ्यावर पुढचे पीक घेतले जाते. चिखलात साचलेल्या पाण्यातून निघणारा मिथेन वायू त्यामुळे कमी होतो ही गोष्ट जगाच्या दृष्टीने मोलाची आहे; पण शेतकऱ्याने ते तंत्र उचलले ते लावणीला माणसे मिळेनाशी झाली म्हणून, मजुरी वाचते म्हणून. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचल्या जातात, त्याही खत वाहून न जाता पिकाला लागते हे डोळ्यांना दिसले म्हणूनच. पन्नास वर्षांनंतरच्या आपत्तीसाठी आजच्या हंगामात कोणीही खर्च करीत नाही, आणि करावा अशी अपेक्षा गरिबाकडून ठेवणे क्रूरपणाचे आहे; जे आजचे ओझे हलके करते तेच तो घेतो. मात्र ही तंत्रे गोड्या जमिनीत रुजली म्हणून ती बांधाच्या आतल्या खारजमिनीत जशीच्या तशी चालतील, असे कोणी गृहीत धरू नये. तेथे पहिला प्रश्न मिठाचा, आणि मिठाचा प्रश्न पुन्हा बांधाचाच.

वैयक्तिक लाभाच्या रीतीत कोकणाची आणखी एक मोठी अडचण आहे, आणि ती महसुली दप्तरातली आहे. कोकणातील सातबारा हा बहुधा एकाच्या नावाचा नसतो. आजोबांच्या निधनानंतरचे फेरफार झालेले नाहीत, झाले असल्यास वारसांची वीस-पंचवीस नावे सामाईक चढलेली आहेत, त्यांतील काही गिरणगावातून डोंबिवलीस आणि डोंबिवलीतून परदेशी गेलेली आहेत, आणि प्रत्यक्ष चिखलात उभा राहणारा मात्र एकच धाकटा चुलतभाऊ असतो, ज्याच्यापाशी इतरांची संमतिपत्रे नसतात. कर्ज, अनुदान, विमा यांपैकी प्रत्येक दारावर त्याला या संमतीची मागणी होते आणि तो परत फिरतो. दुसऱ्या बाजूला जमिनीचा भाव उभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीस खुला झाल्यापासून उरण-पनवेल-पेणच्या गावांत तिसऱ्या मुंबईची भाषा बोलली जाऊ लागली आहे. आणि ज्या जमिनीत दोन वर्षे खारे पाणी फिरले, ज्या जमिनीचा बांध कोणी दुरुस्त करीत नाही, ती विकून टाकण्यावाचून शेतकऱ्याजवळ कोणता युक्तिवाद उरतो? २००८ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर सार्वमतात आपल्या जमिनीच्या बाजूने कौल दिला होता. त्या निष्ठेचे चीज बांध फुटका ठेवून होत नाही.

आंबा-काजूविषयी येथे विस्तार करीत नाही, कारण त्यांचे दुःख वृत्तपत्रांतून पुष्कळ मांडले जाते. एवढेच म्हणतो की, हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाईचा निर्णय महसूल मंडळातील एका हवामान केंद्राच्या आकड्यावर होतो, आणि एकाच मंडळात समुद्रकाठची वाडी, सड्यावरची बाग आणि दरीतली बाग या तिन्हींचे तापमान वेगळे असणाऱ्या कोकणात एका आकड्याने तिघांना तोलणे न्यायाचे होत नाही. केंद्रे वाढविणे हाच त्यावर सरळ उपाय आहे.

कांदळवनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे २०१८ च्या अंतिम निर्णयाने कांदळवनांना जे संरक्षण दिले ते अत्यंत योग्य आहे. बांधाच्या बाहेर उभे असलेले तिवराचे बन लाटेचा जोर मोडते, आणि बांधाला त्याच्याइतका स्वस्त रक्षक दुसरा नाही. परंतु बांध फुटून दोन-चार वर्षे पडीक राहिलेल्या शेतात तिवरे आपोआप उगवतात, आणि कालांतराने त्या शेताच्या मालकाला समजते की त्याच्या वडिलोपार्जित खाचरात आता फावडे लावणे हाच गुन्हा ठरू शकतो. ज्याने बांध राखण्यात कसूर केली त्या व्यवस्थेला काहीच शिक्षा होत नाही, आणि ज्याचे शेत बुडाले त्याचा हक्क मात्र संशयित होतो. महसूल, वन आणि खारभूमी या तिन्ही खात्यांनी शेतकऱ्यांच्या समक्ष एकत्र मोजणी करून बांधाची मूळ रेषा कायम करावी, तिच्या बाहेरचे बन निर्विवादपणे राखावे आणि आतले शेत निर्विवादपणे शेतकऱ्याचे मानावे, हे काम कठीण असले तरी अशक्य नाही. हरित हवामान निधीतून आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पाने कांदळवन आणि किनाऱ्यावरची उपजीविका यांचा एकत्र विचार करण्याची दिशा दाखविली आहेच. तिच्यात बांधामागच्या भातशेतीला मानाचे स्थान मिळाले पाहिजे.

मग करावयाचे काय? माझ्या मते १९७९ च्या अधिनियमात अशी दुरुस्ती व्हावी की, प्रत्येक खारभूमी योजनेच्या लाभक्षेत्रातील कसणाऱ्यांची, केवळ सातबाऱ्यावरील नावांची नव्हे तर प्रत्यक्ष वहिवाट असलेल्यांची, एक बांधसमिती कायद्याने अस्तित्वात यावी; मुख्य बांध आणि मोठ्या उघाड्या यांची उभारणी शासनाकडेच राहावी, परंतु वार्षिक डागडुजीचा निधी, हेक्टरी ठरलेल्या दराने, मागणी-अर्जाशिवाय, थेट या समितीच्या खात्यात जावा; आणि कोणत्या शेतकऱ्याने बांधाच्या किती लांबीची राखण करावयाची, उघाडीची किल्ली कोणाकडे राहावयाची, मासळीचे उत्पन्न कोणत्या कामास लावावयाचे, या सर्वांची नोंद गावाच्या अधिकृत दप्तरात व्हावी. क्षारसहिष्णू बियाण्याची पेढी, राता तांदळाची सामुदायिक विक्री, हवामानाचा सल्ला, विम्याचा दावा, या सगळ्या गोष्टी मग त्याच समितीच्या दारातून शेतकऱ्यापर्यंत पोहोचतील, आणि कृषी संजीवनीसारखा प्रकल्प कोकणात आलाच तर त्याला पाय ठेवण्यास जागा सापडेल.

गावच्या समितीत राजकारण शिरेल, पैसा खाल्ला जाईल, असे म्हणणारे सुज्ञ लोक आहेत, आणि त्यांची भीती निराधार नाही. पण बांधाच्या कामात एक गुण असा आहे की तेथे केलेली लबाडी फार दिवस लपत नाही. ज्या सालची माती कागदावरच पडली त्या सालचे उधाण समितीच्या अध्यक्षाच्याही शेतात शिरते. दूरच्या ठेकेदाराला ही शिक्षा कधीच होत नाही. सहा वर्षे उपासमार सोसून एकजूट न सोडणाऱ्या चरीच्या माणसांच्या नातवंडांना बांधाचा हिशेब ठेवता येणार नाही, असे मानण्याचे धाडस मला होत नाही.

यात वेळेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. खारबंदिस्तीचे काम भात झोडून झाल्यावर पौषात सुरू होते आणि वैशाख संपण्यापूर्वी पुरे व्हावे लागते, कारण मातीला बसण्यास आणि सुकण्यास उन्हाचे दिवस लागतात, आणि ज्येष्ठाच्या पहिल्या पावसात टाकलेली माती पहिल्याच उधाणात खाडीला मिळते. शासनाचे आर्थिक वर्ष मात्र मार्चअखेरीस संपते, नव्या वर्षाची मंजुरी उतरण्यास जून उजाडतो, आणि निधी गावापर्यंत येतो तेव्हा बांधावर पाऊल ठेवण्याजोगी जागा राहिलेली नसते. म्हणून बांधसमितीचा निधी मार्गशीर्षात, झोडणी चालू असतानाच, तिच्या खात्यात जमा झाला पाहिजे, आणि मार्चअखेर न खर्चलेली रक्कम परत मागण्याचा नियम या एका कामापुरता तरी वैशाखापर्यंत स्थगित ठेवला पाहिजे.